पांदणीची वाट आणि शिदोरीची हवा

वर्धा जिल्ह्याची काळी माती कपाशीला जितकी मानवते, तितकीच पावसाळ्यांत प्रवाशाला छळते. भिजली कीं ती फुगते, मऊ होते आणि चाकाला चिकटून बसते. गांधीजी १९३६ सालीं सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास गेले, तेव्हां वर्ध्याहून तेथवर पक्की सडक नव्हती. थोरामोठ्या पाहुण्यांनाही या चिखलाची ओळख करून घ्यावी लागे. आज सेवाग्रामची सडक उत्तम आहे. परंतु सडक सोडून शेतांकडे वळणारी पांदण पुष्कळ ठिकाणीं पूर्वींसारखीच आहे. आणि सेलू तालुक्यांतील आमच्या आत्याबाईंचें घर अशाच एका पांदणीच्या शेवटीं आहे.

भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या जेवणासाठीं आमचें सारें कुटुंब नागपूरहून तेथें जातें. तीन वर्षांपूर्वीं पुतण्यानें चारी चाकांना जोर पोंचविणारी मोटार घेतली होती. पांदणीच्या तोंडाशीं तो उतरला आणि त्यानें चारी टायरांतील हवा सोडण्यास आरंभ केला. दर चौरस इंचास ३२ पौंड होती, ती १८ वर आणली. आम्ही वडीलधारी मंडळी चकित झालों. पण युक्ति शास्त्रशुद्ध होती. हवा कमी केली कीं टायर जमिनीवर पसरतो, भार अधिक जागेवर वांटला जातो आणि चाक रुतत नाहीं. बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव मातींत शिरते, तर रबरी चाकांची गाडी वरून निघून जाते, तें याच कारणानें. १८८८ सालीं डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें बेलफास्ट येथें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. त्याच्या नांवाच्या कंपनीमुळें आपल्याकडे अशा बैलगाडीलाच डनलॉप म्हणूं लागले.

मोटार सुखरूप पोंचली, मुलांनीं टाळ्या पिटल्या. परंतु त्याच रात्रीं आत्याबाईंच्या छातींत दुखूं लागलें. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय गांठणें भाग होतें. चिखल पार करून आम्ही डांबरी सडकेला लागलों, आणि पुतण्याचा चेहरा उतरला. टायरांत हवा अर्धीच, आणि ती भरण्याचें साधन जवळ नाहीं! सण असल्यामुळें वाटेवरचें पंक्चरचें दुकानही बंद. अर्धवट भरलेला टायर कठीण सडकेवर प्रत्येक फेऱ्याला दबतो, वांकतो, तापतो. वेग वाढविला तर फुटतो. म्हणून अत्यवस्थ माणूस मांडीवर असतां आम्ही बैलगाडीच्या चालीनें जात राहिलों. ईश्वरकृपेनें दुखणें पित्ताचें निघालें. पण तो तास आम्हांपैकीं कोणी विसरलेला नाहीं.

तेव्हांपासून पुतण्या हवेचीं साधनें पारखूं लागला. पायानें दाबावयाचा पंप स्वस्त आणि भरवशाचा; त्याला वीज नको, परंतु चार मोठे टायर भरतां भरतां तरुण माणसाचाही घाम निघतो. दुसरें साधन म्हणजे मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लहान कॉम्प्रेसर. सिगारेट पेटविण्याच्या खोबणींतून त्याला थोडीच वीज मिळते, जास्त ओढली तर फ्यूज जातो. यासाठीं मोठा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडावा आणि इंजिन चालू ठेवावें. हवा दाबली कीं ती तापते, म्हणून या यंत्रालाही मधून मधून विसांवा द्यावा. तिसरें साधन कार्बन डायऑक्साइडचें नळकांडें, म्हणजे सोडावॉटरांतलाच वायु. तो सर्वांत जलद टायर भरतो. मात्र नळकांड्यांतील दाब दर चौरस इंचास आठशें पौंडांहून अधिक असतो, तो उतरविणारें यंत्र मध्यें हवेंच. शिवाय ३१ अंशांच्या वर हा वायु कितीही दाबला तरी द्रवरूपांत राहात नाहीं आणि नळकांड्यांतील दाब झपाट्यानें चढतो. वैशाखांत चाळिशीच्या वर जाणाऱ्या आमच्या वऱ्हाड-नागपूर प्रांतीं तें बंद मोटारींत उन्हांत ठेवणें म्हणजे संकटाला आमंत्रण. आम्हीं कॉम्प्रेसर पत्करला, आणि जोडीला पायपंपही ठेवला.

आतां दर वर्षीं परततांना डांबराच्या कडेला एका लिंबाखाली आम्ही थांबतों. चाकांचा चिखल खरवडला जातो, कॉम्प्रेसर घरघरूं लागतो, पुतण्या गेजवर दाब मोजतो. पाऊण तास मोडतो. पण ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी खुल्या झालेल्या समृद्धि महामार्गासारख्या वेगाच्या वाटेवर कमी हवेनें चढणें किती घातक, हें आतां घरांतील मुलांनाही पाठ झालें आहे.

गेल्या वर्षीं आत्याबाई आमच्याबरोबर नागपूरला निघाल्या होत्या. लिंबाखालीं बसून त्या कौतुकानें म्हणाल्या, “माणसं जेवलीं, आतां गाडीचंही पान मांडलंस वाटतं, बाळ!” सारे हसले. पुतण्या हसला नाहीं. त्यानें चौथ्या चाकाचा दाब पुन्हां एकदां पाहिला आणि मगच त्यांना हात देऊन मोटारींत बसविलें. हवा सोडावयास एक काडी पुरते. भरण्याची सोय पदरीं असेल, त्यानेंच ती सोडावी.