वर्गातला ‘पुढारी’

दोस्तांनो, तुमच्या वर्गात कुणाला ‘पुढारी’ म्हणून चिडवतात का? चिडवत असणारच. प्रत्येक वर्गात असा एक जण असतो. आमच्या वर्गात तो मी होतो!

माझं गाव वेल्ह्याच्या डोंगरात. तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय. शाळेच्या वाटेवर एक ओढा होता. आषाढात तो असा फुगायचा की पलीकडच्या वाडीतली पोरं दोन-दोन दिवस घरीच. नववीत असताना मी ‘आम्हाला साकव हवा’ असा अर्ज लिहिला आणि मधल्या सुट्टीत सह्या मागत फिरलो. झालं! “आले, आले, आमदार आले!” कुणी डोक्यावर टोपी चढवल्याची नक्कल केली, कुणी विचारलं, “चहा कधी पाजणार साहेब?”

सह्या मिळाल्या चार. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघांनी येऊन नाव खोडायला लावलं. कारण काय, तर माझे चुलते एका पॅनेलचे आणि यांच्या घरचे दुसऱ्या. ओढा मात्र दोन्ही पॅनेलच्या पोरांना सारखाच भिजवत होता, बरं का!

अर्ज शेवटी आजीनं १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नेला, कारण तिथं बोलायचं तर मतदार असावं लागतं. साकव व्हायला आणखी तीन पावसाळे गेले. तोवर मी शाळा सोडली होती.

पोरं वाईट नव्हती हो. आमच्याकडे कुणी लबाडी केली की लोक म्हणतात, “राजकारण केलं.” मग राजकारणाबद्दल तोंड उघडणारा मुलगा लबाड वाटणार, नाही तर बापाच्या पार्टीचा! मुलगी असेल तर ‘आगाऊ’ ही पदवी ठरलेली. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण आठवीतल्या मुलीनं पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं की बाकावर खुसुखुसु सुरूच. नागरिकशास्त्राच्या पेपरात ‘ग्रामसभेची कामे’ लिहून पैकीच्या पैकी गुण घेणारेही त्या खुसुखुसूत असतात!

भोरजवळचा रायरेश्वर तुम्ही सहलीत पाहिला असेल. शिवरायांनी तिथं १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. तेव्हा त्यांचं वय पंधराच्या आसपास, म्हणजे तुमच्याएवढंच! बरोबर मावळातले सवंगडी. त्यातला एखादा “आले मोठे राजे!” म्हणून हसला असता तर? मला आपलं उगाच असं वाटत राहतं.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या बारामती मतदारसंघात लोकसभेला नणंद आणि भावजय समोरासमोर उभ्या होत्या. सुट्टीत क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा एकमेकांना विचारत, “तुतारी का घड्याळ?” उत्तर दिलं की तुमची टीम ठरली. नाही दिलं तर “हा भित्रा!” आपल्या फाट्यावर गाडी का थांबत नाही, हे मात्र मी कुणाला विचारताना ऐकलं नाही.

पूर्वी मताला एकवीस वर्षं लागत. २८ मार्च १९८९ पासून अठरा झाली. आणि २०२२ पासून सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ फॉर्म भरून ठेवता येतो, नाव यादीत अठरा झाल्यावर चढतं. माझ्या पुतणीनं नुकताच भरला. घरी म्हणाली, “काका, वर्गात सांगू नका हं, नाव पडेल.” पण गुपित तिच्याच पोटात राहिलं नाही. भोरच्या एसटीत तिनं दोन मैत्रिणींना सांगून टाकलं.

एकीनं विचारलं, “कुणाला देणार मग?”

दुसरी म्हणाली, “ए, फॉर्म कुठं मिळतो गं?”