आधी ट्रॉली, मग ट्रॅक्टर

"ब्रेकवर लिहा, पण वाचकाला नटबोल्ट नकोत," असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण नटबोल्टाशिवाय ब्रेक म्हणजे नुसतं पेडल, हे आधीच सांगून ठेवतो.

गाळप सुरू झालं की सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाची वाहतूक. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा, आणि मागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस. एवढा बोजा थांबवणारे ब्रेक असतात फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांना नसतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना अजिबातच नसतात. पोरं पुढची चाकं उचलून चालवल्याचे व्हिडिओ काढतात आणि लोक टाळ्या वाजवतात. चाक हवेत गेलं की स्टिअरिंगही गेलं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण सांगणार?

गेल्या हंगामातला एक ट्रॅक्टर अजून डोक्यातून जात नाही. कालव्याच्या पुलावरून उतरताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबायला लागला, ट्रॉल्या थांबेनात. मागच्या रेट्याने ट्रॅक्टर आडवा फिरला. माणूस वाचला. गावभर झालं, ब्रेक फेल. मी उघडून पाहिलं तर तेलातल्या डिस्क ठणठणीत. फक्त डावं आणि उजवं पेडल जोडणारी पट्टी सोडलेली होती. शेतात जागच्या जागी वळायला दोन पेडलं वेगळी लागतात, रस्त्यावर मात्र ती जोडलेलीच हवीत. नाहीतर एका बाजूचं चाक आधी धरतं आणि मागचा बोजा बाकीचं काम करतो.

इथेच माझा जुना वाद सुरू होतो. "ट्रॉलीला ब्रेक लावला तर ट्रॉली घसरते," असं जाणते ड्रायव्हर छातीठोक सांगतात. खरं उलटं आहे. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागला तर सगळी गाडी ताणलेली, सरळ राहते. उतारावर बैलगाडीला मागून दोर धरून चालणारा गडी जे करतो, तेच. घसरते ती चाक जॅम झाल्यावर, म्हणजे ब्रेक जास्त झाल्यावर. आणि रिकाम्या ट्रॉलीला तो फार लवकर जास्त होतो. म्हणून बोजाप्रमाणे दाब कमी-जास्त करायची सोय लागते.

सगळ्यात स्वस्त असतो रेट्याचा ब्रेक. ट्रॉली पुढे रेटली की दांडीतला दट्ट्या आत सरकतो, तार ओढली जाते. युरोपात साडेतीन टनांपर्यंतच्या लहान ट्रेलरना हाच चालतो. पण तो लागतो रेटल्यावर, म्हणजे उशिरा. डबल ट्रॉलीत पहिलीवर दोन्हींचा रेटा येतो, तिचे लायनर जळतात. रिव्हर्स घेताना तो अडतो, म्हणून त्याला खिटी लावावी लागते, आणि ती काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. डबल ट्रॉलीला हा बसवून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. माझा धंदा बुडाला तरी चालेल. हायड्रोलिक चांगला, पण एकाच नळीचा असेल तर नळी फुटली की ब्रेक गेला. हवेच्या दोन नळ्यांच्या ब्रेकमध्ये पुरवठ्याची नळी तुटली तर ट्रॉली आपोआप धरते. महाग आहे, पण मन तिथेच जातं.

अमेरिकेतला भाचा मध्यरात्री फोन करतो, "मामा, कंट्रोलरच्या स्क्रीनवर ट्रॉली जोडलेलीच दिसत नाही!" तिकडे पिकअपमागच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात: चाकाच्या ड्रममध्ये चुंबक, प्रत्येकाला साधारण तीन अँपिअर, आणि डॅशबोर्डवर दाब ठरवणारी डबी. त्याला म्हटलं, डबी बदलू नको, आधी अर्थिंग बघ. ट्रेलरच्या सांगाड्यावरचा अर्थिंगचा बोल्ट गंजला की निम्म्या तक्रारी तिथेच निघतात. मग होकायंत्र ड्रमजवळ धर, बायकोला ब्रेकची कळ दाबायला सांग. सुई हलली तर चुंबक जिवंत. सुई हलली नाही. बोल्ट घासल्यावर हलली. नवी डबी घ्यायची झालीच तर ठरावीक वेळाने एकसारखा दाब देणारी नको, गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून तेवढाच दाब देणारी घे, असंही सांगून ठेवलं. त्याने विचारलं, "आपल्याकडे ट्रॉलीला काय बसवतात?" मी विषय बदलला.

कारण उत्तर लाजिरवाणं आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी. आमच्या रस्त्यावर मात्र ती ट्रॅक्टरचं शेपूट. वाहतूकदाराला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, त्यामुळे काट्यावर वजन बारकाईने बघितलं जातं, ब्रेक कुणीच बघत नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, म्हणजे इंजिनाचा होता तोही आधार सोडतात. ब्रेकचा खर्च ऐकून मालकाचा चेहरा पडतो. साउंड सिस्टीमला मात्र त्याच्याहून जास्त पैसे निघतात. कधी वाटतं, दोष मालकाचाही नाही. ब्रेक बसवून त्याची एक खेपही वाढत नाही. मग हा खर्च कुणाचा? मालकाचा, मुकादमाचा, की ज्याचा ऊस आहे त्याचा? अजून एकानेही माझ्यासमोर हात वर केलेला नाही.

परवा एक जण दोन ट्रॉल्या घेऊन आला. सगळं ऐकून घेतलं, पेडलांची पट्टी माझ्याकडून सरळ करून घेतली आणि विचारलं, "तूर्त मागे नुसते लाल दिवे बसवून भागेल का?"