एका खुणेची दोन नावं

थोरली लेक जपानी भाषेच्या पहिल्या परीक्षेला बसणार, म्हणून आम्हीही घरात कांजी अक्षरं गिरवतोय. पाण्याच्या खुणेवर सगळेच अडलो. चिन्ह एक, अर्थ एक. पण एकटं आलं की 'मिझु' वाचायचं आणि जोडशब्दात बहुधा 'सुइ'. नळाच्या पाण्याची सोय म्हणजे 'सुइदो'. मिझु हा जपान्यांचा घरचा शब्द, सुइ चीनमधून लिपीबरोबर आलेला.

तसं आपल्याकडेही आहेच. आपण पितो पाणी, पण सरकारी खातं जलसंपदा. उर्दूतही बोलताना पानीच. फारसीतला 'आब' आबोहवा, आबपाशी, गुलाब अशा शब्दांत बसलेला. उजनीच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या आमच्या जेऊर भागाला आबपाशी म्हणजे काय, हे सांगायला नको!

लेक नोकरीसाठी इतक्या लांब जाणार, याचा दादींच्या जिवाला घोर आहे. तरी त्याच म्हणाल्या, "आबोदाना जिथं लिहिलाय, तिथं जावंच लागतं."

अवघड म्हणून लेकीनं लहानपणीच उर्दू सोडली होती. जपानमध्ये नेहमीच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच २१३६ची. 'आब'ला अक्षरं दोनच, मदवाला अलिफ आणि बे. परवा तिनं ती दादींना विचारून कांजीच्या वहीतच लिहिली, पाण्याच्या खुणेशेजारी.