आप्पांचं नाव, चेटकिणींचं रिंगण

ब्रिस्टलच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी रक्ताचे नमुने तपासते. रजेचा तक्ता लागला की ३१ ऑक्टोबरच्या चौकोनात सर्वांत आधी एकीचं नाव पडतं. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली, कंट्रोल सॅम्पलचा आकडा जरा इकडेतिकडे झाला की अख्खी बॅच पुन्हा लावायला लावणारी बाई. नवीन होते तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी काय असतं? ‘साविन,’ ती म्हणाली. ‘आमचा वर्षाचा मोठा सण. मी विक्कन आहे. चेटकीण म्हटलंस तरी चालेल.’ आणि सेंट्रिफ्यूजकडे वळली.

घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा माझे वडील, आप्पा, खो खो हसले. आप्पा धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात घालवायचे. मंत्राने अग्नी पेटवण्याचा प्रयोग मी त्यांच्याकडूनच शिकले. हवनकुंडात आधी पोटॅशियम परमँगनेट टाकून ठेवायचं, वरून तूप म्हणून ग्लिसरीन सोडायचं, आणि जाळ लागेपर्यंतचा वेळ भरून काढायला मंत्र म्हणायचा. माझं रसायनशास्त्र तिथे सुरू झालं.

सुट्टीत ते मला सातपुड्यात न्यायचे. अक्राणीकडच्या एका पाड्यावर एका बाईला डाकीण ठरवलं होतं. शेजारचं मूल तापाने गेलं, भगताने हिच्याकडे बोट दाखवलं आणि तिचं पाणी भरणं, बाजार, लग्नकार्य सगळं बंद झालं. ती विधवा होती, जमीन तिच्या नावावर होती आणि त्या जमिनीवर दिराचा डोळा होता. हे आप्पांना दुपारपर्यंत कळलं. पाड्यावर ते सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. पुढे २०१३ मध्ये समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला आणि करणी-चेटकाच्या नावाखाली एखाद्याला छळणं हा गुन्हा ठरला. त्यामुळे सुखवस्तू देशातली एक बाई चहाच्या कपावर सहज ‘मी चेटकीण’ म्हणते, याची मला गंमत वाटली तशी चीडही आली.

म्हणून एकदा जेवणाच्या सुट्टीत तिला जरा खिजवायलाच विचारलं, ‘मग, किती हजार वर्षांची परंपरा तुमची?’

‘सत्तर,’ ती म्हणाली. ‘फार ताणलंस तर ऐंशी.’

या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हतं. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला जाब विचारला की आधी तिचं वय पुढे केलं जातं. आपल्या धर्माचं वय कमी करून सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तिने मला रोनाल्ड हटन यांचं १९९९ चं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ वाचायला दिलं. हटन आमच्याच शहरातल्या विद्यापीठातले इतिहासकार. आधुनिक चेटूकधर्म कुठून आला, याचा माग त्यांनी कागदपत्रांतून काढला आहे.

त्या गोष्टीच्या मध्यभागी आहे जेराल्ड गार्डनर. १८८४ चा जन्म, उमेदीची वर्षं सिलोन, बोर्निओ, मलायात गेली, तिथे सीमाशुल्क खात्यात नोकरी. मलायी कट्यारींवर त्याने पुस्तकही लिहिलं. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर तो सांगू लागला की १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली. त्याच सुमाराला मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासिकेचा सिद्धांत लोकप्रिय होता. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, त्या ख्रिस्तपूर्व निसर्गधर्माच्या अनुयायी होत्या, असं तिने १९२१ मध्ये मांडलं होतं. गार्डनरने त्या चौकटीत फ्रीमेसन या बंधुमंडळाचे विधी, गूढविद्येवर लिहिणाऱ्या अलिस्टर क्रोलीचे उतारे आणि स्वतःची भर असं सगळं बसवलं. डोरीन व्हॅलिएंटे नावाच्या त्याच्या शिष्येने क्रोलीचा बराच भाग काढून टाकून नव्याने सुंदर प्रार्थना लिहिल्या. १९५४ मध्ये गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ निघालं आणि विक्का उजेडात आली. मरेबाईंचा सिद्धांत पुढे अभ्यासकांनी पार मोडीत काढला.

हे उघडपणे करता आलं, कारण १९५१ मध्ये १७३५ चा जुना कायदा रद्द झाला होता. तो कायदा मला फार ओळखीचा वाटला. चेटूक खरं नसतंच, असं मानून तो चेटकिणींना फाशी देणं थांबवत होता आणि अंगात शक्ती असल्याचा दावा करणाऱ्याला शिक्षा देत होता. आप्पांना मी हे सांगितलं. ‘इतका चांगला कायदा काढला कशाला?’ ते म्हणाले. प्रयोगशाळेतल्या या मैत्रिणीला त्यांचा प्रश्न सांगितला तर ती म्हणाली, ‘तो होता तोवर मला तुझ्यासमोर हे सांगता आलं नसतं.’ दोघांचंही मला पटत होतं.

तिच्याबरोबर मी कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसलचं चेटूक-संग्रहालय पाहायला गेले. सेसिल विल्यमसन नावाच्या माणसाने ते १९५१ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर सुरू केलं आणि १९६० मध्ये या चिमुकल्या बंदरावर आणलं. २००४ च्या ऑगस्टमध्ये गावात पूर आला, संग्रहालयातही पाणी शिरलं, पण बराचसा संग्रह वाचला. आत टाचण्या टोचलेल्या कापडी बाहुल्या, खलाशांना वारा विकायच्या गाठी मारलेल्या दोऱ्या. बाहुल्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. कुणीतरी कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून बसून शिवलेल्या त्या. मैत्रीण म्हणाली, ‘हे आमचं नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण तेही या घराण्यातलंच.’ तिचा स्वतःचा नियम साधा आहे: कुणाचं वाईट होऊ नये, मग काय हवं ते कर. विक्कात हा नियम बहुतेक सगळेच सांगतात. पाळतात किती, हे विचारल्यावर ती हसली.

येताना एक्सटरला थांबलो. बिडफर्ड गावच्या तीन बायकांना १६८२ मध्ये इथे फाशी दिली. इंग्लंडमध्ये चेटकापायी फाशी गेलेल्या अखेरच्या बायकांत त्या गणल्या जातात. गरीब, म्हाताऱ्या, भीक मागून जगणाऱ्या. एका आजारी बाईच्या खोलीच्या खिडकीशी मॅगपाय पक्षी आला, हेसुद्धा त्यांच्याविरुद्ध साक्षीत सांगितलं गेलं. मला अक्राणीचा पाडा आठवला आणि मी तिला तिथली हकिगत सांगितली. तिने दिराचं नाव आधी विचारलं, मग जमीन किती एकर होती ते. इतके नेमके प्रश्न आप्पांनंतर कुणी विचारले नव्हते.

तिचं मंडळ महिन्यातून एकदा एका पबच्या मागच्या खोलीत जमतं. परिचारिका, माळी, संगणकवाला, निवृत्त बसचालक. एकदा एका तरुण मुलीने आवेशात म्हटलं, ज्यांना तुम्ही जाळू शकला नाहीत त्यांच्या आम्ही नाती. मैत्रिणीने बिअरचा ग्लास खाली ठेवला. ‘इंग्लंडमध्ये जाळत नव्हते, फाशी देत होते. आणि त्या चेटकिणी नव्हत्या. चर्चला जाणाऱ्या गरीब बायका होत्या. त्यांचं मरण आपल्या नावावर लावून घेऊ नकोस.’ त्या संध्याकाळी माझी चीड बरीचशी उतरली.

२०२० च्या जूनमध्ये आप्पा गेले. हृदयविकार. कोविडमुळे विमानं बंद होती, सरकारच्या ‘वंदे भारत’ उड्डाणात जागा मिळाली नाही. कोणतेही विधी नकोत, असं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं, त्यामुळे दहावं-तेरावं नव्हतंच. पण कार्यकर्ता गेला की श्रद्धांजली सभा होते. सतरंज्या पसरतात, फोटोला हार घालतात, जुने लोक उठून आठवणी सांगतात. तीही झाली नाही. भाऊ आणि दोन कार्यकर्ते स्मशानात गेले आणि परत आले. मी तेव्हा ब्रिस्टलला स्वॅबच्या नळ्या मोजत होते. घरी आई तेच तेच सांगायची, मी ऐकायची.

त्याच जुलैत टिकटॉकवर आवई उठली की नवशिक्या पोरींनी मिळून चंद्रावर करणी केली. जुन्या मंडळींत संताप आणि हशा दोन्ही. मैत्रीण म्हणाली, ‘सेव्हर्न नदीची भरती वेळापत्रकाप्रमाणे आली आहे. मी तपासलं.’ खूप दिवसांनी मी हसले. पुढे साविन जवळ आला तेव्हा तिने विचारलं, येशील का? यंदा झूमवर आहे, कारण सहापेक्षा जास्त माणसं जमवायला बंदी आहे. विश्वास ठेवायची अट नाही, गेलेल्या माणसाचा फोटो मात्र आण.

पडद्यावर विधीचं रिंगण कसं आखायचं, यावर मंडळात आधी वाद झालेला होता. जुन्या गार्डनर-परंपरेचे लोक म्हणत, दीक्षा असो की विधी, माणूस माणसासमोर हवा. एकट्याने विक्का पाळणारे म्हणत, आम्ही वर्षानुवर्षं घरीच करतो. शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपापल्या खोलीत मीठ-पाण्याने रिंगण आखायचं. दिशांना आवाहन झालं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. माझ्या खोलीत उत्तर कुठे, हे फोनवरच्या होकायंत्रात बघावं लागलं. सगळ्यांनी एकदम म्हणायचं ‘तथास्तु’ झूमवर मागेपुढे होत राहिलं. ते मूळ फ्रीमेसनांचं, हे मला वाचून ठाऊक होतं आणि म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मग सफरचंद आडवं कापायचं. आत बियांच्या पाच कप्प्यांची चांदणी दिसते. वनस्पतिशास्त्रात ही शिकलेली गोष्ट, पण सफरचंद आडवं कापून कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात गेलेल्यांची नावं. बसचालकाने बायकोचं नाव घेतलं. परिचारिकेने वॉर्डातल्या काहींची फक्त पहिली नावं घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी आप्पांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, हजेरीत घेतात तसं. मग म्हटलं, ते शिक्षक होते, त्यांनी डाकीण ठरवलेल्या बायकांच्या बाजूने आयुष्य घालवलं, आणि आत्ता इथे असते तर ही मेणबत्ती का जळते ते तुम्हाला समजावून सांगितलं असतं. कुणीतरी म्हणालं, सांग मग. मी सांगितलं: मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वात मुख्यतः मेण वर आणते. खिडक्या-खिडक्यांतले लोक आपापल्या मेणबत्तीकडे बघत होते. मला रडू आलं आणि माईक बंद करायचं सुचलं नाही. शेवटी केक खायचा असतो, जमिनीवर परत यायला. मी पार्ले-जी खाल्लं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने विचारलं, ‘पैसे किती घेतले?’ आप्पांचाच हा पहिला प्रश्न. कुठल्याही बुवाकडे जाताना ते तीन गोष्टी बघायचे: पैसा कोण घेतो, भीती कोणाला घातली जाते आणि प्रश्न विचारला तर काय होतं. समितीचा विरोध देवाला नाही, शोषणाला आहे, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. या मंडळात पैसे घेत नाहीत. दीक्षेचे पैसे घेणं जुन्या घराण्यांत निषिद्धच मानतात. भीती कुणी घातली नाही. प्रश्न विचारला की पुस्तक हातात पडलं. हीच मोजपट्टी लावून इन्स्टाग्रामवर शाप काढायचे दर लावणाऱ्या ताई पहिल्याच प्रश्नात नापास होतात, मग त्या स्वतःला ब्रिस्टलच्या म्हणोत की पुण्याच्या. मैत्रीण मुलाखतीला जाणाऱ्या भाचीसाठी मंत्र म्हणून हिरवी मेणबत्ती लावते, ते मला अजून पटत नाही. मी तसं सांगते, ती ऐकून घेते आणि मेणबत्ती लावते.

विधी माणसाने केलेला असतो, हे उघड असलं तर तो पोकळ होतो, असं मला वाटायचं. इथे उलट दिसलं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठून उचललं, हे माहीत असलेल्या लोकांना तो हवा तसा बदलता येतो, टाकून देता येतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मारता येत नाही. आप्पांची श्रद्धांजली सभासुद्धा कुणीतरी बसून ठरवलेला विधीच होता. तिला आम्ही विधी म्हणत नव्हतो, इतकंच.

२०२१ च्या मार्चमध्ये इथली जनगणना झाली. धर्माचा रकाना ऐच्छिक होता. मैत्रिणीने तिथे विक्का लिहिलं. इंग्लंड-वेल्समध्ये तसं लिहिणारे साधारण १३,००० निघाले, नुसतं पेगन लिहिणारे सुमारे ७४,०००. मी ‘धर्म नाही’वर खूण केली, आप्पांनी केली असती तशी. पुढच्या साविनला मंडळ पुन्हा प्रत्यक्ष जमलं तेव्हा मी गेले आणि अजूनही जाते. माझी रजा मात्र मी ‘वैयक्तिक कारण’ म्हणून टाकते.