कै., वै. आणि कालकथित

माणूस वारला की मराठीत त्याच्या नावाआधीचं 'श्री.' जातं आणि 'कै.' येतं. हे इतकं सवयीचं झालंय की कैलासवासी म्हणजे शंकराच्या घरी राहायला गेलेला, हे पत्रिकेचा मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातही नसतं. वारकऱ्यांनी मात्र आपलं वेगळेपण राखलं. त्यांचे कीर्तनकार गेले की 'वै. ह.भ.प.' होतात. तुकोबा वैकुंठाला गेले. विठ्ठलाच्या माणसाला कैलासाला कसं धाडायचं? मुसलमान माणसासाठी मराठीनं 'पैगंबरवासी' केला, ख्रिस्ती माणसासाठी 'ख्रिस्तवासी'. ज्याला त्याला त्याच्या घरी पोचवायचं, ही त्यातली माया मला फार मोलाची वाटते.

पण ज्यानं असं कुठलं घर मानलंच नाही, त्याचं काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हेही बावीस प्रतिज्ञांत होतं. श्राद्ध सुटल्यावर स्वर्ग कुठला राहायला? या घरांत 'कालकथित' हा शब्द रुळला. पालीत मरण पावलेल्याला 'कालकत' म्हणतात, त्याच्या जवळचा. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर तो असतो. विहाराला दिलेल्या स्टीलच्या पिंपावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला असतो. पुढे आईचं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. त्यात कैलास नाही, वैकुंठ नाही. त्या माणसाचा काळ झाला, एवढंच.

म्हणून एखाद्या फलकावर, बक्षिसांच्या यादीत बौद्ध माणसाच्या नावाआधी 'कै.' दिसलं की मला वाईट वाटतं. लिहिणाऱ्यानं ते आदरानंच लिहिलेलं असतं, हे खरं. पण ज्यानं घरातला देव्हारा उतरवला, भाऊबंदांचा रोष घेतला, बापाचं श्राद्ध घातलं नाही, त्याला बोलता येत नाही अशा वेळी कैलासाला पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जगताना इतक्या कष्टानं घेतलेला निर्णय एका अक्षरात पुसला जातो.

'दिवंगत' लिहा, म्हणजे कुणाचंच काही जाणार नाही, असं काही जण सुचवतात. पण दिवंगत म्हणजेही स्वर्गाला गेलेलाच. त्यापेक्षा मजकूर घेतानाच घरच्यांना विचारावं, नावाआधी काय लिहू? तारीख, वेळ, ठिकाण विचारतोच की आपण.