रबराचे मोल

आपल्या वस्तूत दोष दिसला, की तो दुरुस्त करावा असे वाटण्याआधी काहीतरी नवे, भारी आणावे असेच माणसाला का वाटते, कोण जाणे! हा प्रश्न मला पडला तो एका गाडीशेजारी उकिडवा बसलो असताना.

गाडी दादाची. २००१ साली भारतात आलेली फियाट पालिओ, १.६ लिटर इंजिनाची. सुमारे १०० अश्वशक्ती म्हणजे त्या काळच्या छोट्या गाड्यांत दांडगीच. दादाने ती जुनीच घेतली, पण घाटात ती अजूनही भल्याभल्यांना मागे टाकते.

गेल्या पावसाळ्यानंतर आईला घेऊन आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटातल्या एका वळणावर अचानक ट्रक समोर आला. दादाने जोरात ब्रेक दाबला, तशी स्टिअरिंगने हिसका दिला आणि गाडी कठड्याकडे ओढली गेली. वीतभर अंतर राहिले. आई काही बोलली नाही. पण पुढच्या सीटची धरलेली पाठ तिने रत्नागिरी येईपर्यंत सोडली नाही.

परत आल्यावर दादाने ठरवले, पुढच्या चाकांचे दोन्ही लोअर आर्म बदलायचे. तेही साधे नव्हेत. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे, नळीचे, लांबी कमीजास्त करता येणारे, रबराऐवजी पोलादी गोळ्यांचे सांधे असलेले. तेवढ्या पैशांत चारही टायर नवे आले असते. त्याने मला विचारले, "तुला काय वाटतं?" मी तत्काळ म्हणालो, "घेऊन टाक!" खरे सांगायचे तर मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. कॉलेजच्या फाटकाशी गाडी उभी आहे आणि मित्र वाकून वाकून खाली पाहताहेत, एवढेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवली, टॉमी घेतली आणि डाव्या आर्मच्या मुळाशी अडकवून दाबली. आर्म चांगला अर्धा इंच सरकला. आतले रबरी बुश फाटले होते.

"आर्मला काय झालंय? रबर गेलंय," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितले. चाकाला वरखाली होऊ द्यायचे, पण पुढेमागे हलू द्यायचे नाही, हे आर्मचे काम. ब्रेक दाबला की चाक मागे ओढले जाते. बुश फाटलेले असले तर आर्म पिळतो, चाकाचे तोंड फिरते आणि गाडी एका बाजूला धावते. पोलादी सांधा तसूभर हलत नाही, म्हणून शर्यतीत तो उत्तम. पण खड्ड्याचा प्रत्येक दणका तो सरळ गाडीच्या अंगावर घालतो, आणि आपल्याकडच्या धुळीत, पावसात लवकर झिजून खडखडू लागतो.

"गाडी रेसला न्यायची हाय, का आईला घिऊन रत्नागिरीला?" त्यांनी विचारले.

दादा माझ्याकडे पाहू लागला. मी मान खाली घातली. शेवटी साधेच नवे आर्म आणले आणि उरलेल्या पैशांचे टायर घेतले.

बसवताना आणखी एक गोष्ट पाहिली. बुशचे बोल्ट मिस्त्रींनी आधी नुसतेच अडकवले. गाडी जमिनीवर चाकांवर उभी राहिल्यावर मगच आवळले. चाक लटकत असताना आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते, असे ते म्हणाले. मग अलाइनमेंट करून घेतली.

दिवाळीत पुन्हा आंबा घाट उतरलो. त्याच वळणाआधी, रस्ता मोकळा पाहून, दादाने मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. मी मागे वळून पाहिले. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्या गाडीखाली आजही कुणी वाकून पाहत नाही. माझे तेवढे एक स्वप्न राहून गेले, आणि त्याचे मला मुळीच दुःख नाही.