मौजे वडगाव, तर्फ हवेली

बिबवेवाडीतल्या एका हॉलमध्ये आमच्या वडगावकरांचं कुलसंमेलन झालं, तेव्हा स्टेजमागे मी सहा फुटी फ्लेक्स लावला होता. वडाचं झाड, पारंब्यांना नावं, खाली ठसठशीत अक्षरांत ‘मूळ गाव : वडगाव मावळ’. एकूण बारा पिढ्या. प्रत्येकाने त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. त्यातल्या बुंध्याकडच्या चार पिढ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आहेत, पुढे एका माणसाची दोन माणसं झालेली आहेत आणि गावही ते नव्हे. हे सगळं माझं एकट्याचं काम.

पुणे जिल्ह्यात वडगावांना तोटा नाही. बुद्रुक, खुर्द, शेरी, मावळ, निंबाळकर, रासाई, काशिंबेग. मी मावळातलं का निवडलं? जानेवारी 1779 मध्ये तिथे मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून तह करायला लावला होता, म्हणून. आपला पूर्वज त्या धामधुमीत कुठेतरी असणार, निदान घोड्याला दाणा घालत तरी असणार, असं मनाने घेतलं. पुरावा शोधायच्या आधीच गाव ठरलं होतं.

त्याच तोऱ्यात नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेलो. तिथे गाव नि आडनाव सांगायचं, मग त्या गावाची वही निघते. यात्रेला आलेल्यांनी सांगितलेली वंशावळ, खाली त्यांची सही, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ‘आडनाव वडगावकर, गाव नक्की ठाऊक नाही’ एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘वडगाव मावळचे वडगावकर.’ त्यांनी मागितली ती वही काढली. त्यात वडगावकर होते, आणि आमच्या मूळपुरुषाच्या नावाचा माणूसही होता! आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या समाजात तीच चार नावं आलटून पालटून घरोघरी सापडतात, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. त्याच्या वरच्या चार पिढ्या उतरवून घेतल्या. त्यांचं गोत्र भारद्वाज, आमचं काश्यप. मी माझ्या वहीच्या समासात लिहिलं : दत्तक. वंशावळीत भोक पडलं की दत्तकाचं बूच मारायचं, ही युक्ती मला कुणी शिकवावी लागली नाही.

पण खरी फजिती घरातल्या कागदांनी केली. वडिलांच्या ट्रंकेत मोडी कागदांचं एक बोचकं होतं. मी तीन महिन्यांचा मोडीचा वर्ग केला आणि स्वतःला जाणकार समजू लागलो. पहिल्या कागदावर साल होतं ‘सबा सितैन मया व अलफ’. जुन्या कागदांत साल असं अरबी आकड्यांत असतं, एकक आधी आणि हजार शेवटी. मी सबा म्हणजे सत्तर आणि सितैन म्हणजे सहा धरलं. झाले 1176. आजोबांच्या शेतसाऱ्याच्या पावत्यांवर फसली साल असायचं, त्यात 590 मिळवायचे हे मला पाठ होतं. मिळवले, 1766 आलं. माधवराव पेशव्यांचा काळ, मजकुराशी जुळणारा. मी खूश.

आता गंमत पाहा. सबा म्हणजे सात, सितैन म्हणजे साठ. आकडा 1167. आणि ते फसली नव्हे, शुहूर सन. त्यात 599 मिळवायचे. उत्तर? 1766! आकडा उलटा वाचल्याने नऊ वर्षं वाढली, चुकीचा सन धरल्याने नऊ कमी झाली. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, आणि आपली पद्धत बिनचूक आहे अशी माझी खात्री पटली.

दुसरा कागद ‘समान सबैन’चा, म्हणजे 1178. हा आकडा मी बरोबर वाचला आणि त्यात इमानाने 590 मिळवले. 1768. त्यात मुलगा लिहितो की वडील मयत झाले. तिसऱ्या कागदावर शके 1695, म्हणजे 1773. तिथे तेच वडील साक्ष घालताहेत. मेलेला माणूस पाच वर्षांनी साक्षीला कसा येईल? मग एकाच नावाचे दोघे असणार : थोरले आणि धाकटे. दुसरा कागद खरा 1777 चा, हे तपासायला एक बेरीज पुरली असती. मी त्याऐवजी एक माणूस जन्माला घातला.

कॅम्पात राहणाऱ्या माझ्या एका मित्राचे खापरपणजोबा आयरिश शिपाई. सेंट पॅट्रिक कॅथेड्रल ज्यांच्यासाठी उभं राहिलं, त्यांतले एक. तो सांगतो, आयर्लंडमध्ये नुसता परगणा कळून भागत नाही, टाउनलँड हवी, आणि त्या साठ हजारांवर आहेत. त्यात 1922 साली डब्लिनचा दफ्तरखाना जळला. ‘तुमचे कागद तरी शाबूत आहेत,’ तो म्हणाला. शाबूत होते खरे. वाचणारा मी होतो.

शेवटी मोडी वर्गातल्या एका निवृत्त तलाठ्यांना बोचकं दाखवलं. सालं त्यांनी पाच मिनिटांत सरळ केली. मग पहिल्या कागदावर बोट ठेवून विचारलं, ‘हे काय वाचलंत?’ मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. ‘मौजेवडगावतर्फहवेली’ अशी सलग ओळ होती. मी संकोचत म्हटलं, ‘वडगावच्या बाजूला आमची हवेली होती बहुतेक.’

ते चष्मा काढून हसले. ‘अहो, राहता कुठं?’

‘बिबवेवाडीत.’

‘फ्लॅटच्या करारनाम्यावर काय लिहिलंय?’

घरी येऊन कपाटातला करारनामा काढला. पहिल्याच पानावर : मौजे बिबवेवाडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे. वीस वर्षं मी त्याचे हप्ते भरले.

म्हणजे मावळ बाद. हवेलीतली वडगावं उरली. बुद्रुक, खुर्द की शेरी, ते कागद सांगत नाही. बुद्रुकला जायला इथून रिक्षाने अर्धा तास.

सगळ्यांना फोन करून चूक कबूल करायचं ठरवलं. पहिला फोन साताऱ्याच्या आत्याला. ती शहाऐंशी वर्षांची आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अरे, मग तो धाकटा गेला कुठं?’

‘तो नव्हताच, आत्या.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘आत्ता कुठं मला पाठ झाली होती रे सगळी.’